चीज मागीर घाल

परवाच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातनं तांबड्या भोपळ्याची मोठी फोड, दोन आगशीची वांगी आणि फुलवालीकडनं मरव्याच्या चार काड्या घेऊन घरी आले, तर मुलीने पिशवीत डोकावून लगेच विचारलं, आई आज ते चीजवालं करणार ना? हो म्हटलं, करणार. आणि करता करता ठरवलं की आता एकदा हे नीट लिहूनच काढायचं, कारण गेल्या महिन्यात चौघी जणींनी फोन करून विचारलंय आणि फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, आणि जे राहतं ना नेमकं त्याच्यामुळेच त्यांची भाजी पाणचट होते, मग परत फोन.

तशी रेसिपी म्हणाल तर अगदी साधी आहे. ओव्हनमध्ये भाजलेला भोपळा आणि वांगं, वर थोडंसं चीज, कालच्या उंड्याचा, म्हणजे इथल्या गोल पावाचा, चुरा, आणि मरवा किंवा पानओवा. वरण-भाताबरोबर तोंडी लावायला. मुख्य जेवण म्हणून हे करू नका, पोट भरत नाही आणि मग लोक चीज वाढवत बसतात.

पण आधी दुदीची गोष्ट सांगते कारण तिथनंच सगळं सुरू झालं.

मी मूळची मिरजेची. लग्न करून म्हापशाला आले तेव्हा पहिल्या महिन्यातच सासूबाईंनी एकटीला बाजारात पाठवलं. आमच्याकडे दुधी म्हणजे लांबट हिरवा, ज्याचा आपण हलवा करतो तो. भाजीवालीला म्हटलं, मावशी अर्धा किलो दुधी द्या. तिने मान हलवली, शेजारचा तांबडा भोपळा पुढे ओढला, सुरी घातली आणि केशरी फोड कापून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं अहो हा नको, दुधी. तर ती म्हणाली, "ही दुदीच गे बाये." मी परत दुधी म्हणाले, ती परत दुदीच गे म्हणाली, मागे रांगेत उभ्या असलेल्या एक आजी पण म्हणाल्या की दुदीच ती. मग घेतली. घरी येऊन कळलं की कोकणीत दुदी म्हणजे तांबडा भोपळाच. सासूबाईंनी त्या दिवशी त्याचं खतखतं, म्हणजे इथली मिश्र भाज्यांची भाजी, केलं, तिरफळं घालून, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तांबडा भोपळा मागून दोनदा घेतला. मिरजेत भोपळा म्हणजे मला घारग्यांपुरताच माहीत होता, भाजीला कंटाळायचे. इथला भोपळा गोड आहे पण नुसता गोड नाही, त्याला एक दाटपणा आहे, शिजवला की पिठूळ लागतो. तेव्हापासून दर शुक्रवारी एक फोड येतेच आमच्याकडे.

आता ओव्हन. 2019 च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी आम्ही ओटीजी घेतला, नानकटाईसाठी म्हणून, आणि नानकटाई दोनदा केली आणि मग तो ओट्यावर जागा अडवून बसला. मग एका सोमवारी, शिवराक म्हणजे शाकाहाराचा दिवस होता, घरात मासळी नसली की सासऱ्यांचं जेवणावरचं लक्षच उडतं, म्हणून मी ठरवलं काहीतरी वेगळं करू. भोपळा, कांदा, टोमॅटो, सिमला मिरची सगळं कापलं, काचेच्या खोल भांड्यात गच्च भरलं, मीठ मिरपूड, वर चार क्यूब चीज किसून एकदम झाकूनच टाकलं, आणि 180 वर चाळीस मिनिटं. वास तर असा सुटला होता की सगळे स्वैपाकघरात येऊन गेले. बाहेर काढलं तेव्हा वरून पण छान दिसत होतं, थोडं जास्तच काळं झालेलं पण छान. डाव घातला आणि खालून पाणी आलं. म्हणजे अक्षरशः अर्धा वाटीभर पाणी, त्यात अर्धवट शिजलेला भोपळा तरंगतोय आणि वर चीजची चामड्यासारखी चादर, ती डावाबरोबर अख्खी उचलून येतेय. कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी ताटातली भाजी हळूच कडेला सारली आणि लोणच्याची बरणी उघडली. मला फार लागलं ते. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

उरलेलं मी समोरच्या आंटींकडे घेऊन गेले. आमच्या समोर एक ख्रिश्चन कुटुंब राहतं, आंटींचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे आणि नाताळात त्यांच्याकडची बेबिंका, ती थरांची गोड मिठाई, खाल्ली की दुकानातली खावीशी वाटत नाही. त्यांनी चमचा घेतला, चीजचा थर एका बाजूने उचलला, खाली बघितलं, परत ठेवला. आणि म्हणाल्या, "चीज मागीर घाल. पयलीं भाजी बरी भाजून घे."

मागीर म्हणजे नंतर. एवढंच वाक्य. पण मी तुम्हाला खरं सांगते, ह्या पदार्थात शिकण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्या एका वाक्यात आहे, बाकी सगळं मी नंतर त्याला जोडत गेले.

बघा ना, भोपळा काय वांगं काय, वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं त्यात. टोमॅटोत तर त्याहून जास्त. भाजी तापली की ते पाणी बाहेर येतं, आणि जोपर्यंत भाजीच्या अंगावर पाणी आहे तोपर्यंत ओव्हन दोनशेवर असला तरी भाजी शंभराच्या आसपासच राहते, म्हणजे ती भाजत नाही, उकडते. तो जो खरपूस तपकिरी रंग येतो, कडा जरा चिवट गोड होतात, ते व्हायला 140 च्या वर जावं लागतं आणि ते पाणी उडाल्यावरच होतं. मी काय केलं होतं, चीजचं झाकण घालून वाफ आत कोंडली होती. खालची भाजी उकडत राहिली, आणि वरचं चीज बिचारं चाळीस मिनिटं नुसतं आगीसमोर, त्याचं तूप सुटून वाहून गेलं आणि उरलं ते वाळून कडक झालं. चीजला वितळायला आठ-दहा मिनिटं पुरतात. ते शेवटी येणारं पाहुणं आहे, त्याला पहाटेपासून बोलावून बसवून ठेवायचं नाही.

आंटींना हे कुठून माहीत तर बेबिंकेमुळे. बेबिंका एकेक थर ओतून वरच्या आचेवर भाजतात, पूर्वी भांड्यावर झाकण ठेवून त्यावर निखारे ठेवायचे, म्हणजे आग वरून यायची, आणि एक थर तपकिरी झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. सात थर असले तर सात वेळा थांबायचं. ज्या बाईने पन्नास वर्षं असं थांबून काढलीत तिला माझ्या भांड्यात काय चुकलंय ते कळायला चमचा पुरला.

तर आता करायचं कसं ते सांगते. चार जणांसाठी साधारण अर्धा किलो भोपळा साल काढून, आणि पाव ते तीनशे ग्रॅम वांगी. मी शक्यतो आगशीची घेते, ती थंडीत येतात, मोठी, आत गर भरपूर आणि बिया कमी, त्यांना आता जीआय टॅग पण मिळालाय. ह्याच वांग्यांचे सासूबाई रवा लावून काप करतात आणि ते काप खरं तर ह्या सगळ्याहून भारी असतात पण तो विषय वेगळा. आगशीची नाही मिळाली तर कुठलंही भरताचं वांगं चालेल. छोटी काटेरी वांगी नकोत, सालच जास्त येते तोंडात.

वांग्याच्या इंचभर फोडी करून अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत वीस मिनिटं ठेवा. हे टाळू नका हं. वांगं आतनं स्पंजसारखं असतं, तसंच तेलात घातलं की सगळं तेल पिऊन टाकतं आणि मग आपण अजून तेल घालतो, आणि भाजलं की तेच तेल ताटात येतं. मिठाने त्याचं पाणी सुटतं, स्पंज जरा बसतो. वीस मिनिटांनी मूठभर मूठभर घेऊन पिळा, खरंच पिळा, घाबरू नका, फोडी मोडत नाहीत. चाळणीखाली तपकिरी पाणी जमलेलं दिसेल, चांगलं पाव वाटी निघतं कधी कधी. मग फडक्याने टिपा.

भोपळ्याला मीठ आधी लावायचं नाही, तो नंतर. एक मोठा कांदा जाड फोडी करून, पाकळ्या सुट्या करून. सिमला मिरची आवडत असेल तर एक. लसणाच्या सात-आठ पाकळ्या सालीसकट, सालीसकटच, नाहीतर वीस मिनिटांत कोळसा होतो, सालीत राहिला की आत लोण्यासारखा होतो आणि जेवताना पिळून खाता येतो. टोमॅटो मी आता घालतच नाही. कोणाला हवाच असेल तर तो वेगळा कापून ताटलीत द्यावा.

सगळ्याला दोन मोठे चमचे तेल, मीठ बेताने कारण वांग्यात आहे आणि चीजमध्ये पण आहे, जाडसर मिरपूड, आणि एक खोल्याची सुकी मिरची हाताने चुरडून. ही काणकोणकडची मिरची, रंगाला सुंदर, चिली फ्लेक्सच्या बाटलीपेक्षा मला हिचा वास आवडतो. नसली तर बेडगी.

मग ट्रे. खोल भांडं नको, ओटीजीबरोबर जो काळा पसरट ट्रे येतो ना तोच घ्या. आणि भाजी एका थरात, फोडीला फोड चिकटणार नाही अशी पसरा. गर्दी केली की एकीची वाफ दुसरीला लागते आणि परत उकडण्याचा कार्यक्रम सुरू. जास्त माणसं असली तर दोन घाणे काढा, एका ट्रेत कोंबू नका. ओव्हन आधी दहा मिनिटं 200 वर दोन्ही रॉड लावून तापवायचा, ट्रे मधल्या खाचेत, आणि तीस ते पस्तीस मिनिटं. मध्ये एकदा उलथण्याने उलटपालट. माझ्या ओटीजीची उजवी मागची बाजू जास्त तापते म्हणून मी ट्रे फिरवते पण, तुमच्या ओव्हनचा स्वभाव तुम्हाला माहीत असेल.

कधी झालं ते घड्याळ बघून ठरवू नका. कान लावा. सुरुवातीला ओव्हनमधनं चर्रर्र असा ओला आवाज येत असतो, पाणी उडत असतं, दार उघडलं तर चष्म्यावर वाफ बसते. मग एका वेळेला तो आवाज बारीक होतो, बारीक तडतड राहते, वास पण बदलतो, उकडलेल्या भाजीचा वास जाऊन कांदा-भजीच्या जवळचा वास यायला लागतो. तेव्हा बघा, भोपळ्याच्या कडा तपकिरी झालेल्या असतात आणि फोडीचे कोपरे जरा आत ओढले गेलेले. एक फोड उचलून दाबली तर आत मऊ आणि ट्रेवर पाणी अजिबात नाही, फक्त तेलाचे चकचकीत डाग. आत्ता चीज. आत्ताच.

चीज किती? साठ-सत्तर ग्रॅम, संपलं. दोन क्यूब म्हणजे पन्नास ग्रॅम झाले, आणि वर मूठभर मोझरेला. मला माहितीये की फोटोंमध्ये चीजचे दोर लटकताना दाखवतात, पण ही भाजी आहे, आणि भोपळा इतका सुंदर भाजल्यावर तो लपवायचा कशाला. मधेमधे केशरी दिसलं पाहिजे. आपल्याकडे मिळणारं क्यूबचं प्रोसेस्ड चीज वितळतं छान, एकसारखं, कारण त्यात तसे क्षार घातलेले असतात, तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाहीत, पण त्याला रंग लवकर येत नाही. मोझरेला ताणलं जातं पण चवीला फिकं. म्हणून दोन्ही मिसळायचं. चेडर मिळालं तर नुसतं चेडर चाळीस ग्रॅम पुरे, चवीला तिखटसर असतं, फक्त त्याला जास्त वेळ आत ठेवू नका, तूप सुटतं. आणि सोमवारी किंवा श्रावणात करणार असाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, बाहेरून आलेल्या काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं.

उंड्याचा चुरा हा माझ्या मते इथलाच खरा दागिना. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो, आमच्याकडे चार उंडे आणि दोन पोया रोजच्या, आणि त्यातला एक उंडो हटकून उरतो. दुसऱ्या दिवशी तो दगड. पूर्वी मी तो चहात बुडवून संपवायचे, आता मुद्दाम एक जास्तीचा घेते. हाताने मोडून मिक्सरला एकदाच फिरवायचा, रवाळ राहिला पाहिजे, पीठ नको. त्यात चमचाभर वितळलेलं लोणी चोळायचं आणि चीजच्या वर भुरभुरायचं. बाजारातल्या पाकिटातले ब्रेडक्रम्ब्स मी वापरून बघितले, ते वाळूसारखे लागतात. पोईचा चुरा नका करू, तिच्यावर कोंडा असतो तो पटकन करपतो.

आणि ह्या चुऱ्यात सासूबाईंनी एक भर घातली. चीजवाल्या भाजीला त्या दोन वर्षं हात लावत नव्हत्या, मग आंटींच्या सांगण्याप्रमाणे करायला लागले तेव्हा एक फोड खाऊन बघितली, मग दोन, आणि एके दिवशी मी चुरा करत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सोय घाल गो थोडी त्यात. सोय म्हणजे किसलेलं ओलं खोबरं. मी जरा थांबले, चीज आणि खोबरं? पण घातलं, दोन चमचे. तुम्हाला सांगते, ते लोण्यात आणि वरच्या आचेत असं काही खमंग होतं की आता खोबऱ्याशिवाय मी करतच नाही. भोपळ्याचा गोडवा आणि खोबऱ्याचा गोडवा वेगळा, आणि मध्ये चीजचा खारटपणा. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

मग परत ओव्हनमध्ये, आता आठ ते दहा मिनिटं, आणि शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड. ह्या चार मिनिटांत फोन घेऊ नका, दार वाजलं तरी जाऊ नका. खोबरं सोनेरी ते काळं हा प्रवास एका मिनिटात करतं.

आता हर्ब्ज, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

सगळ्यांच्या फ्रिजच्या दारात पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगानोच्या पुड्या असतात, माझ्या पण होत्या, आणि मी पहिली दोन वर्षं त्याच वापरल्या. वाईट नाहीत. सुके हर्ब्ज वापरणार असाल तर सुरुवातीलाच तेलाबरोबर भाजीला चोळा म्हणजे तेलात वास उतरतो, आणि ताजे वापरणार असाल तर शेवटी, आणि प्रमाण सुक्याच्या तिप्पट. एवढं पाळलं की झालं.

पण मग मरवा सापडला. बोडगेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मी आणि मुलगी संध्याकाळी देवळाकडे चाललो होतो, वाटेत अबोलीची फाती म्हणजे गजरा घेतला, आणि फुलवालीने फातीच्या टोकाला मरव्याची काडी खोचून दिली. मुलीच्या केसात मी ती माळत होते आणि पान चुरगळलं गेलं माझ्या बोटांत. मुलगी तेव्हा सात वर्षांची, ती वळून म्हणाली, आई पिझ्झाचा वास येतोय. मी बोटं नाकाला लावली. खरंच येत होता. पिझ्झाचाच, पण गोड, मऊ, त्या पुडीतल्यासारखा घशात जाणारा नाही. घरी येऊन शोधलं तर काय, ज्याला इंग्रजी रेसिपीत मार्जोरम म्हणतात तोच हा आपला मरवा, आणि ओरेगानो त्याच्याच जातकुळीतला सख्खा भाऊ. दोघांचं शास्त्रीय नाव ओरिगानमनेच सुरू होतं. म्हणजे मी सुपरमार्केटच्या रॅकवर शोधत होते ते माझ्या आईने मिरजेला वर्षानुवर्षं गजऱ्यात माळलं होतं. मी किती वेळ त्या काडीकडे बघत बसले होते सांगू.

पण फुलवालीकडचा मरवा सरळ भाजीत घालू नका. तो केसांत माळायला म्हणून पिकवलेला असतो, त्यावर काय फवारलंय माहीत नसतं, आणि दिवसभर कुठल्या पाण्यात ठेवलेला असतो ते पण नाही. मी त्याच्या काड्या आणून खालची पानं काढून पाण्यात ठेवते, मुळं फुटली की कुंडीत लावते, आणि त्यावर नवी पानं आली की मग ती स्वैपाकात. ऊन भरपूर लागतं आणि पाणी कमी. म्हापशाच्या पावसात तो जगत नाही, दर वर्षी जुलैपर्यंत मुळं कुजतात, कितीही आडोशाला ठेवा, म्हणून दर हिवाळ्यात परत नव्या काड्या आणायच्या. आणि मागताना मरवाच मागा, दवणा नको. दोन्ही फुलवालीकडेच असतात, घाईत एकाच्या जागी दुसरं हातात येतं, आणि दवणा ही पूर्ण वेगळी वनस्पती आहे, तिचा वास देवाला वाहायला छान पण भाजीत उग्र आणि कडू.

मरवा नसेल त्या दिवसांत पानओवा. तो तर कोणाच्याही अंगणात असतो, जाड लुसलुशीत पानं, कडेला करवत, भजी करतो आपण त्याची. विदेशात त्याला क्यूबन ओरेगानो म्हणतात म्हणे, आणि त्याच्या वासातले मुख्य घटक थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल, तेच ओव्यात आणि थाइममध्ये पण असतात, म्हणून तर ओव्याच्या पानाचा वास घेतला की ह्या सगळ्या इंग्रजी नावांची आठवण येते. फक्त हा मरव्यापेक्षा जोरकस आहे. चार जणांच्या भाजीला तीन पानं, अगदी बारीक चिरून, आणि तो मात्र कच्चा वरून घालू नका, चुऱ्यात लोण्याबरोबर मिसळा, आचेने त्याचा उग्रपणा उतरतो. मरवा उलट. त्याची दोन चमचे पानं काडीवरनं ओरबाडून, भाजी ओव्हनबाहेर आल्यावर गरम चीजवर टाकायची आणि हाताने हलकं दाबायचं. शिजवला तर त्याचा गोड वास उडून जातो.

ओव्हन नसेल तर? माझी धाकटी नणंद डिचोलीला असते, तिच्याकडे ओव्हन नाही आणि पावसात लाइट तर जातेच, ती जाड बिडाच्या तव्यावर करते. फोडी एका थरात, झाकण न घालता, मध्यम आचेवर, हात न लावता एक बाजू तपकिरी होऊ द्यायची मग उलटायची, पंधरा-वीस मिनिटं जातात. मग गॅस बारीक, चीज, झाकण, तीन मिनिटं. वरून आच नाही म्हणून चुरा आणि खोबरं वेगळ्या कढल्यात लोण्यावर परतून कुरकुरीत करून वर पसरायचं. ओव्हनसारखंच लागतं असं नाही म्हणणार, पण खालची बाजू उलट जास्त खरपूस होते आणि मला ते पण आवडतं.

भाज्या बदलता येतात, फक्त पाण्याचा विचार करून. फ्लॉवर उत्तम, गाजर चांगलं, नवलकोल तर फार सुंदर लागतो आणि तो कोणी करतच नाही. ह्यातलं बरंचसं बेळगावहून चोर्ला घाट चढून-उतरून येतं, पावसात घाट अडला की इथे भाव लगेच कळतो, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सकाळी गेलं तर बरं पडतं. दोडका, तवशी (काकडी), पडवळ ह्यांच्या वाट्याला जाऊ नका, ती पाण्याचीच फळं. भेंडी चालते. पण सांतिस्तेवची ती लांब सात शिरांची भेंडी मिळाली तर तिच्यावर चीज घालायला माझं मन होत नाही, नुसती तेल-मीठ लावून अख्खी भाजा.

श्रावणी सोमवारी सासूबाईंसाठी कांदा-लसूण वगळते, तेव्हा तेलात चिमूट हिंग. सोबत वरण-भात, सोलकढी, एखादा पापड. सासरे आता विचारतात, सोमवारी ती दुदी हाडल्या? म्हणजे आणलीय का. मासळीच्या दिवशी मात्र कोणी विचारत नाही, आणि मी पण करत नाही, हुमणाच्या, म्हणजे माशाच्या आमटीच्या, शेजारी चीज नको वाटतं.

परवा मरव्याला अजून मुळं नाहीत म्हणून पानओव्यावरच भागवलं. ट्रे बाहेर काढला, एक वाटी भरून मुलीला आंटींकडे पाठवलं. वाटी धुऊन परत आली, आत दोदोलचे, म्हणजे गूळ-नारळाच्या मिठाईचे, दोन तुकडे, आणि मुलीच्या हातात निरोप की पुढच्या वेळी कोपऱ्यातला भाग पाठव, जिथे जास्त भाजलंय तो. मरव्याच्या काड्या खिडकीत ग्लासातल्या पाण्यात उभ्या आहेत, आज सकाळी एकीच्या देठाला पांढरा ठिपका दिसला.